प्रॉक्समॉक्स १४ महिने वापरल्यावर: फाईल डिलीट केली तरी जागा परत का येत नाही

भोसरी एमआयडीसीत एका मशिनिंग कंपनीचं आयटी मी एकटा बघतो. साधारण ६० लोकं, त्यातली २५ कॉम्प्युटरवर. १४ महिन्यांपूर्वी आम्ही सगळे सर्व्हर प्रॉक्समॉक्सवर आणले, म्हणजे एकाच खऱ्या सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवायचं सॉफ्टवेअर. आधी त्याच कामाचं व्हीएमवेअर होतं. नोव्हेंबर २०२३ ला ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली आणि डिसेंबरात एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स घ्यायची पद्धतच बंद केली, मग आमच्यासारख्यांना दरवर्षीचं गणित बसेना. प्रॉक्समॉक्स व्हिएन्नाच्या कंपनीचं, २००८ पासून चालू आहे, आत डेबियन लिनक्स, व्हीएमसाठी केव्हीएम आणि कंटेनरसाठी (व्हीएमपेक्षा हलके, खालच्या सर्व्हरचंच लिनक्स वापरणारे) एलएक्ससी. ओपन सोर्स आहे, फुकट वापरता येतं, पैसे द्यायचे ते सपोर्ट आणि एंटरप्राइझ रिपॉझिटरीचे (जिथून अपडेट येतात), तेही प्रोसेसरच्या सॉकेटवर दरसाल.

इन्स्टॉल करायचं वगैरे मी लिहीत नाही, अर्ध्या तासात होतं, ब्राउझरमध्ये ८००६ पोर्ट उघडला की सगळं समोर. सपोर्ट घेतला नसेल तर लॉगिन केल्यावर दर वेळी सबस्क्रिप्शन नाही असा मेसेज येतो, ओके दाबायचं आणि पुढे जायचं. माझा खरा अनुभव आहे तो जागेचा. डिस्क, रॅम, कोअर हे सगळ्यांना वाटून द्यायचं आणि दिलेलं परत घ्यायचं, या परत घेण्यातच माझे १४ महिने गेले असं म्हटलं तरी चालेल.

पहिल्या सर्व्हरला रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं) आहे, त्यावर एलव्हीएम-थिन ही लिनक्सची जागा वाटायची पद्धत. थिन म्हणजे काय, तर व्हीएमला तुम्ही ५०० जीबीची डिस्क दिली तरी खाली खरी जागा तेवढीच जाते जेवढं त्यात लिहिलंय. त्यामुळे हात सैल सुटतो. माझा पूल, म्हणजे सगळ्या व्हीएममध्ये मिळून असलेली खरी जागा, १.७ टीबीचा आणि वाटलेल्या डिस्कची बेरीज ३.१ टीबी. हे चुकीचं नाहीये, सगळेच असं करतात, पण मग पूल किती भरलाय हे रोज बघायला लागतं आणि मी पाचव्या महिन्यापर्यंत बघतच नव्हतो.

एका मंगळवारी सकाळी पावणेनऊला स्टोअरमधून फोन, ईआरपी (कंपनीचं रोजच्या कामाचं सॉफ्टवेअर) उघडत नाहीये. बघतो तर तीन व्हीएमवर पिवळा त्रिकोण आणि स्टेटसला आयओ-एरर, पूल १०० टक्के. व्हीएम बंद पडली नव्हती, थांबून राहिली होती, कारण आत लिहायला जागाच नाही. आणि गंमत नाही सांगत, आदल्याच आठवड्यात मी विंडोज फाईल सर्व्हरवरून जुन्या ड्रॉइंगच्या ३०० जीबी फाईली उडवल्या होत्या. विंडोज सांगतंय ३०० जीबी मोकळे, खालचा पूल तसूभर कमी झाला नव्हता.

कारण असं की आत फाईल डिलीट केली म्हणजे विंडोजने फक्त आपल्या वहीत खूण केली, ही जागा आता माझ्या कामाची नाही. ते खालच्या पुलाला कोणीतरी कळवायला पाहिजे. त्यासाठी डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्ड नावाचा चौकोन असतो, तो टिक करायचा, कंट्रोलर व्हर्टिओ स्कझी ठेवायचा, व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू करायची (आतून रीस्टार्ट मारून चालत नाही) आणि मग मोकळी जागा खाली कळवायला, ज्याला ट्रिम म्हणतात, विंडोजमध्ये ऑप्टिमाइझ ड्राइव्हज, लिनक्समध्ये एफएसट्रिम चालवायचं. उबुंटूत एफएसट्रिम आठवड्याला आपोआप चालतं पण वरचा चौकोनच रिकामा असेल तर ते चालून काही उपयोग नाही. माझ्या ११ पैकी ९ व्हीएमला तो चौकोन रिकामा होता, बनवताना माझ्याच लक्षात आलं नव्हतं.

त्या सकाळी मी आधी ईआरपीची जी टेस्ट मशीन अजून चालू होती तिथे ट्रिम चालवलं आणि काहीच फरक पडला नाही. दहा मिनिटं मला घाम फुटलेला. मग दिसलं की त्या मशीनवर तीन महिन्यांपूर्वी अपडेटच्या आधी घेतलेला स्नॅपशॉट तसाच पडून होता. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणाचे सगळे ब्लॉक धरून ठेवायचं वचन, तो आहे तोवर आतून काहीही पुसा, खालचं सुटणार नाही. तो स्नॅपशॉट काढला, जवळजवळ २०० जीबी सुटले, थांबलेल्या तिन्ही व्हीएम रिझ्यूम केल्या, डेटाबेस तपासला, ठीक होता. साडेदहाला काम सुरू. संध्याकाळी सगळे गेल्यावर एकेक मशीन बंद करून डिस्कार्ड लावलं आणि रात्री पूल १.०५ टीबीवर आला. म्हणजे साडेसहाशे जीबी कोणाच्याच कामाची नसलेली जागा आम्ही धरून बसलो होतो आणि मी साहेबांकडे नवीन एसएसडी मागायच्या तयारीत होतो.

तेव्हापासून पूल ७५ टक्क्यांवर गेला की मला मेल येतो, छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवलीय. आणि स्नॅपशॉटच्या नावात तारीख टाकतो, सात दिवसाच्या वर ठेवत नाही. स्नॅपशॉट हा बॅकअप नाही हे सगळ्यांना तोंडपाठ असतं पण काढायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

बॅकअपलाही हेच. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वेगळा मिळतो, तो मात्र मनापासून आवडलाय. पहिला बॅकअप पूर्ण, नंतर फक्त बदललेले तुकडे, आणि सारखे तुकडे एकदाच साठवतो, त्यामुळे विंडोजच्या चार मशीनचा बॅकअप चारपट होत नाही. मशीन चालू राहिली असेल तर रात्रीचा बॅकअप आमच्याकडे चार-पाच मिनिटांत संपतो. पण जुने बॅकअप प्रून केले की जागा सुटली असं समजू नका. प्रून फक्त यादीतून नाव काढतं, खरी जागा गार्बेज कलेक्शन (नको असलेले तुकडे पुसायचं काम) चालल्यावर सुटते, आणि तेही शेवटच्या २४ तास ५ मिनिटांत हात लागलेल्या तुकड्यांना सोडून देतं. डिस्क भरत आली म्हणून घाईघाईत प्रून करणाऱ्याला त्या दिवशी काही मिळत नाही, म्हणून तिथेही आधीच जागा राखून ठेवावी लागते.

दुसरा सर्व्हर ६४ जीबी रॅमचा, त्यावर झेडएफएस मिरर, म्हणजे झेडएफएस ही फाईल सिस्टिम आणि दोन डिस्कवर एकच डेटा. हा मी आधी शिकायला ७ व्हर्जनवर लावलेला आणि तसाच ८ ला अपग्रेड केला. त्यामुळे झेडएफएसची कॅश, जिला एआरसी म्हणतात, ती जुन्या सवयीप्रमाणे अर्ध्या रॅमपर्यंत जायची, म्हणजे ३२ जीबी. ग्राफ बघून मला वाटायचं व्हीएमनीच रॅम खाल्ली. ८.१ पासून नवीन इन्स्टॉल करताना ती १० टक्के, जास्तीत जास्त १६ जीबी, अशी मर्यादा घातली जाते, पण अपग्रेड केलेल्या मशीनला ते लागू होत नाही, आपणच घालायची. मी ८ जीबी ठेवली. एआरसी गरज पडली की रॅम सोडते हे खरंय, पण एकदम मोठी व्हीएम चालू करताना तेवढी पटकन सोडेल याचा भरवसा नाही.

या सर्व्हरला सुरुवातीला मी साध्या डेस्कटॉपच्या एसएसडी लावल्या होत्या. झेडएफएसवर डेटाबेस सारखं सिंक राइट करतो (लिहिलेलं डिस्कवर खरंच पोचेपर्यंत थांबतो) आणि लाईट गेल्यावर स्वतःला सांभाळणारे कपॅसिटर नसलेल्या एसएसडी तिथे अगदी रांगतात. सात महिन्यांत वेअरआउटचा, म्हणजे डिस्क किती झिजली त्याचा, आकडा ३१ टक्के. आता सर्व्हरच्या वापरलेल्या एसएसडी घेतल्यात, त्याच ईआरपीचा महिनाअखेरचा रिपोर्ट ९ मिनिटांऐवजी २ मिनिटांत निघतो. आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, त्यामुळे हा मुद्दा नुसता पुस्तकातला नाही.

कोअर आणि रॅमबद्दल थोडक्यात. ईआरपीवाल्यांनी १६ कोअर आणि ६४ जीबी मागितले होते. मी ४ आणि १६ दिले, महिनाभर ग्राफ बघितला, कोअर दोनच्या वर क्वचित गेले. जास्त कोअर दिले की मशीन जास्त पळते असं नाही, उलट सगळ्यांनाच भरपूर दिले तर ती एकमेकांची वाट बघत बसतात, व्हीएमच्या आतल्या टॉप कमांडमध्ये स्टीलचा (प्रोसेसरची वाट बघण्यात गेलेला वेळ) आकडा वाढायला लागला की समजायचं. बलूनिंग (दिलेली रॅम परत घ्यायची सोय) होस्टची, म्हणजे खालच्या खऱ्या सर्व्हरची, रॅम ८० टक्क्यांवर गेली की व्हीएमकडून रॅम मागायला लागतं, ते फाईल सर्व्हरला ठीक आहे, डेटाबेसच्या मशीनला मी कायम पक्की रॅम देतो.

बॅकअपची एक प्रत क्लाउडवर जाते. तिथे टेस्टसाठी एक मशीन बनवली होती, काम झाल्यावर बंद केली आणि विसरलो, चार महिने तिच्या डिस्कचं बिल येत राहिलं. बंद म्हणजे प्रोसेसरचे पैसे थांबले, डिस्क तुमच्याच नावावर. एडब्ल्यूएसवर (अॅमेझॉनच्या क्लाउडवर) तर डिस्क वाढवता येते पण कमी करता येत नाही, त्यामुळे तिथे सुरुवातीलाच लहान घ्यायची. जुन्या जीपी२ डिस्कला दर जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला किती वेळा वाचता-लिहिता येतं) मिळायचे म्हणून लोकं नुसत्या स्पीडसाठी मोठी डिस्क घेऊन ठेवायचे. २०२० च्या डिसेंबरात आलेल्या जीपी३ ला कोणत्याही साइझला ३००० मिळतात आणि जीबीचा दरही कमी, चालू मशीनवर बदलता येतं. कोणाच्या खात्यात अजून जीपी२ पडल्या असतील तर आजच बघा.

दोन सर्व्हरचं क्लस्टर करणाऱ्यांनी (म्हणजे दोन्ही एकत्र जोडणाऱ्यांनी) तिसऱ्या मताची सोय करा. एक सर्व्हर गेला की उरलेल्याकडे बहुमत राहत नाही आणि तो नवीन व्हीएम चालू करू देत नाही. आम्ही एका रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर क्यूडिव्हाइस, म्हणजे ते तिसरं मत देणारा प्रोग्राम, टाकलाय, तेवढं पुरतं.

९ व्हर्जन ऑगस्ट २०२५ ला आलंय, मी अजून ८ वरच आहे. दिवाळीत कंपनी चार दिवस बंद असते तेव्हा करणार, आणि साहेबांनी दोन्ही सर्व्हरचा वर्षाचा सपोर्टही मंजूर केलाय. त्याआधी येत्या गुरुवारी ईआरपीची मशीन बॅकअपमधून दुसऱ्या सर्व्हरवर उभी करून बघायचीय, किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजणार आहे.