अनुलोम-विलोम: नऊ महिन्यांचा अनुभव आणि सोळा हा आकडा

अनुलोम-विलोमाची कृती बहुतेक वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे ती मी पहिल्यापासून सांगत नाही. डाव्या नाकपुडीने श्वास घेऊन उजवीने सोडायचा आणि उजवीने घेऊन डावीने सोडायचा, की एक आवर्तन होते. मला लिहायचे आहे ते या साध्या कृतीच्या मध्ये बसवलेल्या एका आकड्याबद्दल. तो आकडा 16 आहे, आणि त्याच्यापायी जानेवारीतल्या एका पहाटे मी ओसरीवरच्या लाकडी खांबावर डोके आपटून घेतले.

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी 19 वर्षांपासून पिठाची चक्की चालवते. ज्वारीचे दळण सुरू असले की पापण्यांवर आणि नाकपुड्यांच्या कडांवर पांढरा थर बसतो, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर एक नाकपुडी हमखास बंद होते. त्यातच तीन वर्षांपूर्वी रक्तदाब निघाला आणि रोज एक गोळी सुरू झाली. नाक मोकळे व्हावे आणि जमल्यास रक्तदाबही उतरावा, या आशेने मी गेल्या नोव्हेंबरात मोबाईलवरच्या एका प्राणायाम वर्गात नाव घातले. वर्ग पहाटे साडेपाचला असे आणि एका महिन्याची फी 1,200 रुपये होती. मी किलोमागे 5 रुपये घेते, म्हणजे 240 किलो दळणाचे पैसे मी त्या वर्गाला दिले, आणि म्हणूनच शिकवलेले एक अक्षरही वाया जाऊ द्यायचे नाही असे मी ठरवले होते.

पहिला महिना चांगला गेला. डिसेंबरात फी पुन्हा भरली आणि जानेवारीत तिसऱ्यांदा, तेव्हा शिकवणाऱ्यांनी सर्वांना एकदमच 1:4:2 हे प्रमाण दिले. 4 अंक मोजेपर्यंत पूरक म्हणजे श्वास घेणे, 16 अंकांपर्यंत कुंभक म्हणजे तो आत रोखून धरणे आणि 8 अंकांपर्यंत रेचक म्हणजे तो सोडणे, असा तो हिशोब होता. एका अंकाला एक सेकंद धरला तर एक श्वास 28 सेकंदांचा होतो, म्हणजे मिनिटाला जेमतेम दोन श्वास. विसावलेला निरोगी माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. वर्गात किती जणांना रक्तदाब आहे, कोणाला हृदयाचा त्रास आहे, कोण गरोदर आहे, याची विचारणा झाली नाही. तेरा-चौदाच्या पुढे माझ्या कानात घुमू लागे, छाती आतून दाटून येई आणि सोळा झाले की श्वास सुटण्याऐवजी निसटून जाई. पुढचा श्वास मग मी अक्षरशः ओढत असे. चौथ्या दिवशी सहाव्या आवर्तनाला बोटांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बसल्या जागी मी खांबावर कलंडले. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजला तो 172/104 निघाला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी एवढेच सांगितले, "काकू, श्वास रोखून धरू नका आणि गोळी सोडू नका." वर्गाकडे मी उरलेल्या दिवसांची फी परत मागितली, तेव्हा शरीर शुद्ध होताना असे होते, सराव श्रद्धेने चालू ठेवा, असे उत्तर आले. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा भरलेली फी परत मिळत नाही असे कळवले. चक्कर येण्याला शुद्धी म्हणणाऱ्या त्या उत्तराचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. 1,200 रुपयांपेक्षा ते उत्तर मला जास्त लागले.

त्यानंतर दोन महिने मी भेटेल त्याला सांगत होते की कुंभक हे विष आहे. ते मत मला इथे दुरुस्त केले पाहिजे. दिनदर्शिकेवर मी दळणाचा आणि औषधांचा हिशोब मांडते. मार्चमध्ये मागची पाने चाळताना दिसले की त्या पहाटेच्या आधीचे सलग 11 दिवस गोळीच्या खुणेची जागा कोरी होती. प्राणायाम नियमित असेल तर गोळीची गरज हळूहळू संपते, असे वर्गात दोन-तीनदा बोलले गेले होते आणि ते मी सोयीचे म्हणून मानले होते. तेव्हा 172 च्या आकड्यात सुटलेल्या गोळ्यांचा वाटा मोठा असणार, आणि अंधारी येण्यात श्वास कोंडण्याइतकाच त्यानंतरच्या ओढून घेतलेल्या भराभर श्वासांचाही असणार, कारण तसे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटांना मुंग्या येतात. कुंभक जाणत्या माणसाजवळ बसून, वर्षानुवर्षांच्या सरावाने, प्रकृती पाहून केला जातो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रक्तदाबाच्या रुग्णाला तिसऱ्या महिन्यात, पडद्यापलीकडून, दुसऱ्याच्या मोजणीवर तो करायला लावणे मला आजही अक्षम्य वाटते.

पुन्हा सुरुवात झाली ती सासऱ्यांमुळे. ते ऐंशीच्या घरात आहेत, गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक ध्यानाला पहाटे न चुकता जातात, आणि तरुणपणी नागपुरात नोकरीला असताना रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात शिकलेले आहेत. स्वामींनी तिथे योग विनामूल्य शिकवला, हे त्यांनी मला फीचा आकडा ऐकल्यावर सांगितले आणि मी गप्प बसले. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात तसा वायू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो, असे म्हटले आहे, हेही मी त्यांच्याकडूनच प्रथम ऐकले. त्यांनी मोजणी बंद केली. घरच्या कापसाचा सरकी काढलेला एक पुंजका त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला, तळहात नाकाखाली वीतभर अंतरावर धरायला लावला आणि म्हणाले, "श्वासाले ओढू नको बाई, त्याले येऊ दे. सोडशील तवा हा हालला नाही पाहिजे." पहिल्या दिवशी पुंजका चुलीपर्यंत उडाला. आठवड्याने त्याचे फक्त तंतू थरथरत होते, आणि तेवढ्यात श्वास आपोआप लांबलेला होता.

बोटांचीही एक चूक त्यांनी काढली. मी अंगठ्याने नाक चिमटीत धरल्यासारखे दाबत असे. नाकाचे हाड संपते त्याच्या खालच्या मऊ भागावर अंगठा नुसता टेकवला तरी उजवी नाकपुडी मिटते, डावीला अनामिका पुरते, आणि तर्जनी व मधले बोट तळव्याकडे दुमडून राहते. कोपर खांद्याच्या रेषेत उचलून धरण्याची गरज नाही, ते छातीजवळ सैल राहू द्यावे.

नाक बंद असेल तर मी आता करत नाही. आपल्या नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आलटून पालटून थोड्या बंद आणि थोड्या मोकळ्या होत असतात, हा शरीराचा स्वभावच आहे, त्यामुळे एक बाजू थोडी जड लागली म्हणून घाबरण्याचे कारण नसते. थंडीत मी स्टीलचे ताट नाकाखाली धरून श्वास सोडत असे आणि वाफेचे दोन डाग पाहत असे, एक तळहाताएवढा आणि दुसरा रुपयाएवढा. उजव्या कुशीवर थोडा वेळ पडले की डावीकडचा डाग मोठा होई. एप्रिल-मेमध्ये ही परीक्षा चालत नाही, कारण आमच्याकडे पहाटेही ताट कोमट असते. सर्दीने बाजू पूर्ण बुजलेली असेल तर तिच्यातून जोर लावून हवा काढू नये. त्या दिवशी मी कोणतीही नाकपुडी न दाबता नुसती शांत बसते.

जागेबद्दल सांगायचे तर चक्कीत कधीही करू नये आणि चूल पेटण्याआधी उरकावे. आमचे घर वावराला लागून आहे, त्यामुळे कपाशीवर फवारणी असलेल्या दिवशी मी सराव बंद ठेवते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, ते आम्ही शेजारच्या जिल्ह्यातून पाहिले आहे.

नाकाच्या बाबतीत मात्र जी आशा होती ती फळली नाही. पिठाची ॲलर्जी अनुलोम-विलोमाने गेली नाही. नाकातोंडावर बांधलेल्या ओल्या सुती फडक्याने आणि दळणानंतर झाडू मारण्याऐवजी ओले पोतेरे फिरवण्याने जो उतार पडला, तो या सगळ्या महिन्यांच्या सरावाने पडला नव्हता. झोप सुधारली हे खरे आहे. संध्याकाळी जेवणाआधी दहा मिनिटे केले की गिऱ्हाइकांशी दिवसभर झालेली वादावादी डोक्यातून उतरते, आणि केवळ त्यासाठीही मी हे सोडणार नाही.

जुलैच्या शेवटच्या तपासणीत रक्तदाब 134/86 होता. गोळी रोज चालू आहे, जेवणातले मीठ कमी केले आहे, त्यामुळे यातले किती श्रेय श्वासाला द्यायचे ते मी ठरवत नाही. डॉक्टरबाईंनी पोळ्यानंतर पुन्हा बोलावले आहे. गोळीचे पुढे काय करायचे ते त्याच ठरवतील, आणि तोवर दिनदर्शिकेवर गोळीची खूण आधी आणि प्राणायामाची नंतर, असा क्रम मी ठेवला आहे.