गियर ऑइलचा हातपंप: आठ महिन्यांनंतर पंप पास, पाइप नापास

बाटलीच्या तोंडावर आटे बसवून दाबायचा, पाचशेच्या आतला हा पंप. टोयोटा हायलक्स पिकअपच्या पुढच्या आणि मागच्या डिफरेन्शिअलला (ॲक्सलच्या मधला, चाकांना ताकद वाटून देणारा गियरचा गोळा) दोनदा वापरून झाला. दोन्ही वेळा ऐन भरात पाइप निपलवरून सुटला आणि नव्वद नंबरसारखं चिकट ऑइल मनगटावरून थेट बाहीत. जीएल-५ दर्जाच्या गियर ऑइलचा तो गंधकाचा वास दोन धुण्यांत जात नाही.

पहिल्यांदा वाटलं, पंपच भिकार. ते मत आता बदललंय. गार ऑइल पातळ नळीतून ढकलताना उलटा दाब येतो, आणि पाइप नुसता खोचलेला असतो, सुटणारच. बाटली दहा मिनिटं गरम पाण्याच्या बादलीत ठेवली की हात निम्मा दुखतो. पाइपचं टोक त्याच पाण्यात मऊ करून निपलवर पुरतं चढवायचं आणि गॅसच्या नळीला लावतात तसली क्लिप आवळायची. वीस-तीस रुपयांची ही क्लिप डब्यात द्यायला कंपनीचं काय जात होतं? पाचव्या महिन्यात व्हॉल्व्हमधली गोळी चिकटली, डिझेलने धुतल्यावर सुटली. एका लिटरला शंभरेक दाब लागतात, हे मात्र गृहीत धरा.

बाकी कामात घाई नडते ती बोल्टपाशी. आधी भरायचा बोल्ट सैल करून बघा, मगच ऑइल सोडायचा खालचा काढा. वरचा अडकला आणि खालून ऑइल सांडून बसलं, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. मागे २४ एमएमचा पाना लागतो, पुढे १० एमएमची ॲलन की. पुढच्या बोल्टच्या खाचेत चिखल वाळून दगड झालेला असतो. तो टोकरून काढल्याशिवाय की पूर्ण आत बसत नाही, आणि अर्धवट बसलेली की खाच गोल करून टाकते. वॉशर दर वेळी नवे घ्या.

गाडी सपाटीवर, ऑइल कोमट. दोन्हींना मिळून सहा लिटर कमी पडत नाही. ग्रेड मॅन्युअलमधलाच, दुकानदार म्हणेल तो नव्हे. भरायच्या भोकाच्या खालच्या कडेशी ऑइल आलं की थांबा. दाबून जास्त भरलं तर ते ॲक्सलच्या सीलमधून निघून मागच्या ड्रमच्या ब्रेक-शूंवर जातं. बाटली भोकापेक्षा खाली ठेवा, नाहीतर दाबणं थांबवल्यावरही पाइपमधून धार लागून राहते.

खालच्या बोल्टच्या चुंबकावर लोखंडाच्या बारीक चुऱ्याचं राखाडी लोणी दिसलं तर चालायचंच, पण चकत्या किंवा तुकडे निघाले तर क्राऊन-पिनियन, म्हणजे आतले मुख्य गियर, उघडून बघावं लागेल. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी शिरलंय. तापलेला ॲक्सल ओढ्यात उतरला की आतली हवा गार होऊन आकसते. ब्रीदर, म्हणजे ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जाण्याची वाट, चिखलाने बुजलेला असेल तर ती ओढ सीलमधून पाणी आत घेते. अशा वेळी ऑइल बदलण्याआधी ब्रीदर साफ करा, नाहीतर पुढच्या ओढ्यात नवं ऑइलही दुधाळ.

पंप घ्या. सोबतचा पाइप फेकून हार्डवेअरच्या दुकानातून त्याच मापाचा जाड भिंतीचा मीटरभर पाइप आणा. पुढच्या भोकापाशी हात नीट पोचत नाही, तिथे ही जास्तीची लांबी लागतेच.