दिव्यांग मुलीची वजावट: वडिलांच्या विवरणपत्रात की तिच्या?

1961 च्या आयकर कायद्यातील (31 मार्च 2026 पर्यंतच्या उत्पन्नाला लागू) कलम 80डीडी (वडिलांसाठी) आणि कलम 80यू (मुलीसाठी) यांत करपात्र उत्पन्नातून वजा होणारी रक्कम सारखीच: 40 टक्क्यांपासून दिव्यांगत्वाला 75,000, 80 टक्क्यांपासून 1,25,000. दोन्ही फक्त जुन्या करप्रणालीत.

फरक दराचा. वडील 30 टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर 75,000 वर सेससह 23,400 वाचतात. 5 टक्क्यांतल्या मुलीचे काहीच नाही, कारण जुन्या प्रणालीत 5 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम 87ए च्या सवलतीने कर तसाही शून्य होतो. मात्र 80डीडीला ती मुख्यतः वडिलांवर अवलंबून हवी आणि उपचार, प्रशिक्षण वा पुनर्वसनावर खर्च झालेला किंवा तिच्यासाठी मान्य विमा योजनेत पैसे भरलेले हवेत. खर्च कितीही असो, वजावट ठरावीकच. 80यूला खर्च दाखवावा लागत नाही.

घोळ होतो तो दोघांनी दावा केल्यावर: तिने 80यू घेतले की वडिलांचे 80डीडी बाद. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची मुदतही तपासा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सीसाठी हे प्रमाणपत्र फॉर्म 10-आयए मध्ये लागते.

मुलगी वडिलांवर अवलंबून असेल तर 80डीडी. स्वतःच्या पगारावर उभी असेल तर 80यूच.