कऱ्हाडच्या लग्नाची पत्रिका: स्क्रीन, ऑफसेट आणि डिजिटल

लेकीचं लग्न यंदा वैशाखात कऱ्हाडला झालं. पत्रिका साताऱ्यातल्या तीन दुकानांत तीन पद्धतींनी छापून घेतल्या. तुलना करायची म्हणून नव्हे, तसं होत गेलं. आधी स्क्रीनच्या दीडशे, मग ऑफसेटच्या पाचशे, आणि यादीतून राहून गेलेल्या माणसांसाठी ऐनवेळी डिजिटलच्या चाळीस. दुकानांची नावं देत नाही. तिन्ही ठिकाणी काही ना काही बिघडलं आणि तिन्ही ठिकाणची माणसं मात्र चांगली वागली.

माझं नाक छपाईच्या बाबतीत जरा वर असतं, ते आधीच कबूल करते. वडील साताऱ्यात छापखान्यात जुळारी होते, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, ज्यांना खिळे म्हणतात, ती जुळवून मजकूर लावणारे. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायचे, तेव्हा ते केससमोर, म्हणजे खिळ्यांच्या खान्याखान्यांच्या पेटीसमोर, उभे असायचे. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजवा हात न बघता खान्याखान्यांतून खिळे उचलणारा. मागे ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, चालू असायचं. गोल तबकडीवर शाई, तिच्यावरून खाली उतरणारे रूळ, जबडा मिटायच्या आत कागद सरकवायचा आणि बोटं बाहेर. उलटी अक्षरं वाचायला मी तिथंच शिकले. ‘कऱ्हाड’मधल्या त्या अर्ध्या र साठी चंद्रकोरीसारखा वेगळा खिळा असायचा. तो हरवला की वडील टेबलाखाली बॅटरी घेऊन शोधायचे, पण रफार मारून वेळ भागवायचे नाहीत. तर असली माणसं नाठाळ गिऱ्हाइकं होतात.

पहिली पत्रिका स्क्रीनची. मोती चौकाजवळ एका बोळात वरच्या मजल्यावर काकांची खोली आहे. अल्बममधून तयार कार्ड निवडायचं, त्यावर आपला मजकूर ते छापून देतात. कार्ड 12 रुपये, छपाई रंगामागे साडेतीन. तांबडा आणि सोनेरी असे दोन रंग घेतले, म्हणजे 19 रुपयांना एक पडली. काकांनी मला काम बघू दिलं. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, तिच्यावर मसाला लावून अंधारात वाळवायची. काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म ठेवून उजेड दिला की उजेड लागलेला मसाला घट्ट होतो, अक्षरांखालचा कच्चा राहतो आणि पाण्याने निघून जातो. मग शाई ओतून रबराची पट्टी ओढली की शाई फक्त अक्षरांतून खाली उतरते. एका कार्डाला एक ओढ. दोन रंग म्हणजे दोन जाळ्या, आणि प्रत्येक कार्ड दोनदा हाताखालून. मधे रॅकवर वाळायला ठेवायचं. काका दर कार्ड खुणेच्या कोपऱ्याला असं अलगद टेकवत होते की बघत बसावं.

आणि सोनेरी! खरा सोनेरी. अक्षरावरून बोट फिरवलं तर उंचवटा लागतो, तिरकं धरलं तर चमकतं. सासूबाईंनी पहिली पत्रिका ग्रामदैवताला ठेवली ती हीच.

बिघाड असा, की कार्यालयाचा पत्ता 10 पॉइंटात (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप), म्हणजे बारीक अक्षरात बसवला होता. दीडशेतल्या वीसेक पत्रिकांत जाळीचं एक भोक बुजलं आणि ‘मंगल कार्यालय’चं ‘मगल कार्यालय’ झालं. काकांना दाखवलं तर म्हणाले, “ताई, शाई वाळत येते, मधे पुसायला पाहिजे होतं. माझंच चुकलं.” वीस कार्डं त्यांनी पदरची घालून पुन्हा छापली. पण बारीक अक्षरं स्क्रीनला देऊ नका. मोठं, ठसठशीत, थोडक्यात काय ते द्या.

दीडशेत भागणार नव्हतं. स्क्रीनच्या आणखी पाचशे सांगितल्या तर काका म्हणाले दहा दिवस लागतील, त्यामुळे ऑफसेट.

ऑफसेटवाल्याचं गणितच निराळं. पाचशेचे त्याने 5500 सांगितले. मी विचारलं, शंभरच हव्या असतील तर? म्हणाला, चार हजार. मला वाटलं थट्टा करतोय. पण निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार रंगांच्या (बाकीचे रंग यांच्याच मिश्रणातून येतात) चार अॅल्युमिनियमच्या प्लेटा करायच्या, मशीन लावायचं, रंग जुळेपर्यंत सुरुवातीचे कागद रद्दीत घालवायचे, हा खर्च शंभराला तितकाच आणि पाच हजारांनाही तितकाच. प्लेटेवर पाणी आणि तेलकट शाई दोन्ही फिरतात. शाई अक्षरापुरती धरते, बाकी जागा पाणी राखतं. तिथून छाप आधी रबरावर उमटतो आणि रबरावरून कागदावर. म्हणून प्लेटेवरची अक्षरं सुलटी असतात. वडिलांना हे कधीच पटलं नाही. “सुलटं वाचता येतं त्यात कसली छपाई,” म्हणायचे.

काम स्वच्छ. पाचशेवी पत्रिका पहिलीसारखीच, 8 पॉइंटातलं ‘कृपया आहेर आणू नये’सुद्धा सुबक. नवरा-नवरीचा फोटो उत्तम. सोनेरी मात्र नाही! चार रंगांत सोनेरी बसत नाही, येतो तो मोहरी वाटल्यासारखा पिवळा. पाचवा रंग वेगळा लावायचा तर पैसे वेगळे, हे मला पत्रिका हातात आल्यावर सांगितलं. इथं मी चिडले, आणि चिडायलाच हवं होतं.

त्याआधी प्रूफच्या, म्हणजे छापण्याआधीचा नमुना तपासायच्या वेळी आणखी एक वाद झाला होता. त्याच्या संगणकावरच्या फाँटात श आणि ल हिंदी वळणाचे होते. ‘शुभविवाह’ आणि ‘लग्न’ या दोन शब्दांतच नेमकी ती अक्षरं! मी त्याला म्हटलं, 2009 साली सरकारने देठाचा श आणि पाकळीचा ल मराठीसाठी ठरवून दिलेत. तो म्हणाला, “मॅडम, लोक तारीख आणि जेवणाची वेळ बघतात.” खरं आहे. तरी फाँट बदलून घेतला.

डिजिटल शेवटी. लग्नाला सहा दिवस उरले असताना यजमानांच्या जुन्या ऑफिसातली माणसं आठवली. पोवई नाक्याकडच्या दुकानात पेन ड्राइव्ह दिला. चाळीस पत्रिका, 32 रुपयांना एक, चहा पिऊन येईपर्यंत तयार. प्लेट नाही, जाळी नाही, चाळीसच्या ऐवजी चारही देतात. पाहुण्याचं नाव प्रत्येक पत्रिकेवर वेगळं छापून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. नाव हाताने लिहायचं असतं, निदान आमच्याकडे.

पण ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ झालं होतं. मजकूर त्यांच्या मुलाने नव्याने टाइप केला, आणि साधा र, पाय मोडून ह असं लिहिलं की रफार ह च्या डोक्यावर जाऊन बसतो. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो. पोरगा बिचारा विशीतला, इंग्रजी शाळेतला. त्याच्या मोबाइलवर मीच शोधून दाखवला. व्याही कऱ्हाडचे, गावाचं नाव ‘कराड’ लिहिलेलंसुद्धा त्यांना चालत नाही, रफाराचं तर विचारूच नका. दुकानदाराने दुसरी चाळीस फुकट दिली, कारण फुकट देणं त्याला परवडतं. त्या बोळातल्या काकांना वीसही जड गेली असणार.

दुसरी खोट घडीची. डिजिटलची शाई म्हणजे टोनर, आणि टोनर म्हणजे पूड. ती उष्णतेने वितळून कागदावर बसते, आत मुरत नाही. 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद दुमडला की तांबड्या पट्ट्यावर घडीपाशी पांढरी भेग पडली. यावर उपाय म्हणून दुकानदाराने आधी घडीची रेघ दाबून आणतो म्हटलं, आणि मागच्या खोलीत गेला. मागे गेले तर तिथं जुनं ट्रेडल! शाईविना, खिळ्यांविना, नुसत्या घड्या पाडायला आणि पावतीपुस्तकांना छिद्रांची ओळ मारायला ठेवलेलं. मोटर बसवलीय, पण आवाज तोच. मी पाच मिनिटं उभी राहिले.

शेवटची परीक्षा आईने घेतली, हळदीकुंकवाची. चार कोपऱ्यांना ओलं बोट लावायचं. स्क्रीनच्या पत्रिकेचा कागद खरखरीत. कुंकू जिथल्या तिथं बसलं. ऑफसेटच्या आर्ट पेपरवर जरा पसरलं, पण टिकलं. डिजिटलवर मी हौसेने चकचकीत लॅमिनेशन करून घेतलं होतं. त्याच्यावरून कुंकू घरंगळलं, पाकिटात शिरलं आणि चार घरी लोकांच्या बोटांना लागलं. आई म्हणाली, “पुढच्या वेळी याच्यावर शिक्काच मार कुंकवाचा.”

धाकट्याचं लग्न पुढच्या वर्षी करायचं चाललंय. काकांकडे शंभर सांगणार आहे, दोन रंगांत, पत्ता 14 पॉइंटात. बाकीच्या ऑफसेटला, सोनेरीचा नाद सोडून. प्रूफ दोन्हीकडे कागदावरच मागणार. मोबाइलवरच्या चित्रात ‘मगल’ मला दिसलंच नसतं.

ऑफसेटच्या साठेक पत्रिका उरल्यात. त्यांची मागची बाजू बिनचमकीची आहे, पेन छान चालतं. आई त्यावर दुधाचा हिशेब लिहिते.