एकाच घरातले दोन खोकले: थांबायचं की निघायचं?

गेल्या मार्चमध्ये मी कूलरची जुनी खस काढली आणि काळी भुकटी खोलीभर उडाली. मी खोकलो, बाबाही खोकले. माझा खोकला चौथ्या दिवशी गेला, बाबांचा मे उजाडला तरी जाईना. तरुणपणी त्यांना टीबी होऊन गेलेला. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले आणि एका सकाळी बेसिनमध्ये रक्ताची रेघ दिसली. सीटी स्कॅनमध्ये टीबीने पाडलेल्या जुन्या पोकळीत ॲस्परजिलस बुरशीचा गोळा, वर हवेची चंद्रकोर. खसला दोष देत नाही. असा गोळा महिनोन्‌महिने वाढत असतो. आम्हीच उशीर केला.

या बुरशीचे कण हवेत सगळीकडे असतात. धडधाकट माणसाला ताप नसेल, खोकला रोज थोडा उतरत असेल, तर आठवडाभर थांबायला हरकत नाही. दोन आठवडे झाले की मात्र थुंकी तपासायचीच, कारण आपल्याकडे आधी टीबीच बघावा लागतो.

जुना टीबी असलेल्याने इतकं थांबू नये. वजन घटतंय, थकवा जात नाही, टीबीचा रिपोर्ट निगेटिव्ह येतोय, तर छातीच्या डॉक्टरांना थेट विचारा: बुरशी असेल का? अँटिबायोटिक बुरशीवर चालत नाही, म्हणून पहिल्या कोर्सने फरक पडला नाही तर दुसरा मागू नका. दम्याच्या पेशंटला तपकिरी गाठीसारखा कफ पडू लागला, पंप पुरेना, तर त्याच आठवड्यात दाखवा. तिथे बुरशीची ॲलर्जी असू शकते आणि मग स्टेरॉइड हेच औषध ठरू शकतं; पण मेडिकल स्टोअरमधून आपल्या मनाने घेतलं तर इतरांमध्ये तेच बुरशीला मोकळं रान देतं. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत म्युकरने, म्हणजे ‘काळ्या बुरशी’ने, नागपूरला हे दाखवलंय. केमो चालू असलेल्याला, किडनी बदललेल्याला ताप आला तर त्याच दिवशी जायचं, खोकला असो-नसो.

रक्ताची रेघ दिसली तरी त्याच दिवशी. कपभर रक्त पडलं, बोलताना धाप लागली, ओठ निळसर झाले, तर ओपीडीची वाट न बघता १०८ लावा. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी रात्रीही उघडी असते. निघताना टीबीची जुनी फाईल, एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका.