दाढदुखीसाठी घरात काय ठेवावं: लवंगेचं तेल की अख्खी लवंग?

दाढ दिवसभर कुरकुरते आणि खरी ठणकते ती रात्री आडवं पडल्यावर. अशा वेळी हाताशी काय असावं यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. आईचा भरवसा मसाल्याच्या डब्यावर, बायकोचा कपाटातल्या छोट्या तपकिरी बाटलीवर. मागच्या वर्षी वरच्या अक्कलदाढेनं मला बराच काळ छळलं, तेव्हा दोन्ही आलटून पालटून वापरून झालं. जे ठरवायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

दोन्हींत बधिरपणा आणणारं द्रव्य एकच आहे, युजेनॉल. दंतवैद्याच्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या जो वास येतो तोही याचाच, कारण तात्पुरत्या भरावासाठी झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉलच कालवतात. फरक आहे तो मात्रेचा. चांगल्या वाळलेल्या लवंगेत वजनाच्या साधारण 15 ते 20 टक्के तेल असतं आणि त्या तेलात बहुतांश युजेनॉल. हिशोब मांडला तर बाटलीतला एक थेंब म्हणजे दोन-तीन लवंगांचा ऐवज, तोही क्षणात एकाच जागी. लवंग आपलं तेल हळूहळू सोडते.

तेलाचा गुण मात्र मान्यच करायला हवा. ते झटकन लागू पडतं. कापसाच्या बारीक बोळ्यावर घेऊन किडक्या दाढेवर टेकवलं की पाच मिनिटांच्या आत ठणका बोथट होतो. दाढेला मोठं भोक पडलं असेल तर बोळा त्यात बसतो आणि जागचा हलत नाही. तिथे तेलाला तोड नाही, असं मला वाटतं. ज्यांना काही चावणंच शक्य नाही अशा वयस्कर माणसांनाही तेल सोयीचं.

माझी अडचण झाली ती थेंब जागेवर न राहण्याची. दुखरी दाढ वरची आणि अगदी मागची. आरशासमोर तोंड वासून, गाल बोटानं ओढून कापूस टेकवायचा, तर तोंडाला आधी पाणी सुटतं. लाळेबरोबर तेल हिरडीवर, तिथून गालाच्या आतल्या बाजूला आणि शेवटी जिभेवर. दाढ राहते बाजूला आणि जीभ बधिर होते. हिरडीला नुसतं तेल लागलं की आधी चटका बसतो आणि सकाळी तिथली कातडी पांढुरकी, सोलवटल्यासारखी दिसते. दोन दिवस आमटीसुद्धा झोंबते. खोबरेल तेलात पातळ केलं की चटका कमी होतो, चमचाभर खोबरेलात एक-दोन थेंब पुरतात. पण पातळ तेल आणखीच पसरतं. हा त्रास दर खेपेला झाला आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. खालच्या दाढा दुखणाऱ्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

लवंग बसवली की बसते. तिचीही एक रीत आहे. आधी कोमट पाण्यात पाच-सात मिनिटं टाकून मऊ करायची. टोकाचा गोल बोंडासारखा भाग काढून टाकायचा, कारण तोच कुस्करून दाढेच्या भोकात अडकतो. उरलेला दांडा चांगल्या बाजूच्या दातांनी एकदा हलकेच दाबायचा आणि जिभेनं सरकवून दुखऱ्या दाढ आणि गालाच्या मधे ठेवून द्यायचा. दुखऱ्या दाढेनं चावायची गरजच नाही. असर यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेलाइतका जोरही नसतो. पण ठणका इतका उतरतो की डोळा लागण्याची आशा वाटते. फक्त झोपण्याआधी ती काढून टाकायची, घशात जाऊ नये म्हणून. तासन् तास एकाच जागी ठेवली तर तीही हिरडीला लागते, हेही खरं.

दुसरी गोष्ट पारखण्याची. लवंग मला दुकानातच कळते. दांड्यात नख रुतवलं की तेलाचा ओलावा दिसला पाहिजे. घरी पाण्यात टाकली तर चांगली लवंग बुडते किंवा उभी राहते, तेल काढून घेतलेली पोकळ लवंग आडवी तरंगते. बाटलीतल्या तेलाचं असं काही करता येत नाही. कळीचं तेल वेगळं, पानांचं आणि देठांचं वेगळं. शेवटची दोन स्वस्त आणि जास्त उग्र, वास मात्र बराचसा सारखा. घ्यायचंच तर कळीचं तेल असा स्पष्ट उल्लेख आणि तोंडात वापरण्यायोग्य असल्याची नोंद बघूनच घ्या. सुगंधासाठी विकलं जाणारं तेल दाढेला लावू नका.

घरात लहान मुलं असतील तर मी अधिक ठामपणे बोलेन. अशी बाटली साधारण 10 मिलीची असते. 5 ते 10 मिली तेल पोटात गेलं तर लहान मुलाच्या यकृताला गंभीर इजा होऊ शकते, फिट येऊ शकते, मूल बेशुद्ध पडू शकतं. मसाल्याच्या डब्यातल्या लवंगेनं असं काही होण्याची भीती नाही. बाटली ठेवलीच तर कुलपात ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनीही तेल डॉक्टरांना विचारूनच वापरावं, युजेनॉल रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणतं.

बाकी उपयोगांत तेल पुढे आहे. डासांसाठी लिंबात खोचलेल्या लवंगा मला तरी फारशा उपयोगी वाटल्या नाहीत, तेलाचा वास निदान काही वेळ तरी त्यांना लांब ठेवतो. तेवढ्यासाठी बाटली आणली तर हरकत नाही. पण फक्त दाढेसाठी विचाराल, तर मी मूठभर ताज्या लवंगा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवेन.

ठणका थांबला तरी दाढेतली कीड किंवा पू तिथेच असतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी दंतवैद्याकडे जाच. तेल लावलं असेल तर खुर्चीत बसल्या बसल्या सांगा, कारण दातांच्या रंगाचा जो कॉम्पोझिट भराव असतो, तो युजेनॉल लागलेल्या दाढेत नीट घट्ट होत नाही.