मीटरवर ११८ आधीच होते

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका शॉपमध्ये गेली पंधरा वर्षं मी लेथ आणि ग्राइंडिंग बघतो. शाफ्ट पाच मायक्रॉननं जाड निघाली तरी माल परत येतो आणि शिव्या मला बसतात. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. अशा माणसानं ३४,५०० रुपयांची रिमोटची गाडी काहीही न मोजता घेतली. हे लिहिताना लाज वाटते, खरं लिहितोय, कारण तो गडी अजून विकतोच आहे.

रिमोटची गाडी म्हटल्यावर जत्रेतलं खेळणं डोळ्यासमोर येतं. ही तसली नव्हे. १/१० मापाची, चारही चाकांना ओढ असलेली, ब्रशलेस मोटर, लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, ऑइल भरलेले शॉक अॅब्झॉर्बर. सुट्टीला खानापूरहून भाचा आला की दोघं मिळून व्हिडिओ बघायचो आणि त्यातनंच हे वेड लागलं. शेवटी तयार गाडी घ्यायची नाही, वेगासाठी कुणाकडनं तरी बांधूनच घ्यायची असं ठरलं.

मोबाइलवर एक जाहिरात मिळाली. "रेसिंग बिल्ड, ट्यूनिंगसह, १२० किमी गॅरंटी." फोन लावला तर पलीकडं अस्सल बेळगावी मराठी. गाव विचारलं, गल्ली विचारली. मी सांगितल्यावर म्हणाला, "अरे, मग तुम्ही आपलेच की ओ! एक नोव्हेंबरच्या फेरीत मी असतोय दरवर्षी. तुम्हाला बघितल्यासारखं वाटतंय." मी काळ्या दिनाला, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून एक नोव्हेंबरला निघणाऱ्या निषेध फेरीला, जातो हे खरं. त्यानं मला बघितलं असेल हेही मी लगेच खरं धरलं. फेरीत हजारो माणसं असतात आणि फोनवर तोंड दिसत नाही, हे तेव्हा सुचलंच नाही. पुढचं सगळं त्या एका वाक्यावर चाललं. बिल मागितलं तर, "आपल्या माणसाला बिल कशाला, कर वाचतोय तेवढा तुमचा." बॅटरीचा ब्रँड विचारला तर, "भरवसा नाही काय?" भरवसा नाही असं आपल्या माणसाला कसं म्हणायचं! २०,००० यूपीआयनं आगाऊ दिले, १४,५०० गाडी मिळाल्यावर रोख.

आमच्या शॉपमध्ये एक कानडी अण्णा आहेत, इन्स्पेक्शनला. जेवणाच्या सुट्टीत त्यांना फोटो दाखवला. त्यांना गाडीतलं काही कळत नाही, खरं त्यांनी बॅटरीच्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मोदलु तूका माडि नोडु." आधी वजन करून बघ. मी हसून सोडून दिलं.

आता डेमोचं सांगतो. सगळी मेख तिथंच आहे.

येळ्ळूर रोडकडच्या एका नव्या लेआउटमध्ये रस्ते झालेत, घरं व्हायचीत. रविवारी सकाळी सातला तिथं बोलावलं. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा जीपीएस मीटर त्यानं खिशातनं काढला, चालू केला आणि आमच्यासमोर दुहेरी टेपनं गाडीच्या शेलखाली चिकटवला. मग गाडी सोडली. एवढीशी वस्तू जमिनीला चिकटून सुसाट निघाली की डोळा फसतोच, ५० ची असली तरी १०० ची वाटते. भाचा मोबाइलवर शूटिंग करत ओरडत होता. तीन फेऱ्या झाल्या, शेल काढलं, मीटरचं बटण दाबलं आणि पडदा माझ्या तोंडापुढं धरला. मॅक्स ११८.

त्यानं खोटा मीटर दाखवला नव्हता, मीटर खराच होता. पुढं मी तसलाच एक मागवला तेव्हा उलगडा झाला. कमाल वेग त्या मीटरच्या आठवणीत राहतो. बंद करून परत चालू केला तरी जात नाही, मुद्दाम पुसावा लागतो. मीटर डॅशबोर्डवर ठेवून कार हायवेवर एकदा ११८ नं पळवली की झालं. पुणे-बंगळूर हायवे आपल्या दारातनंच जातो. आकडा आधीच आत बसलेला होता, गाडीनं फक्त मीटर फिरवून आणला. चिकटवायच्या आधी "शून्य दाखवा" एवढं म्हणालो असतो तर तिथंच संपलं असतं.

घरी आल्यावर पहिल्या दिवसापासून काहीतरी खटकत होतं. गाडी पळायची, खरं चार-पाच मिनिटांत दम सोडायची. फोन केला तर म्हणाला, "पिनियन बारीक पडतोय, १८ च्या जागी २२ दातांचा लावा, बघा कशी उडतेय." पिनियन म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर. लावला. दोन गिअरमधली फट कागदाची पट्टी घालून बसवतात, तेवढं मला येतं. पिनियन मोठा केला की मोटरवर ओझं वाढतं, चढाला गाडी वरच्या गिअरमध्ये ओढावी तसं. करंट वाढतो, मोटर तापते. शॉपमधला इन्फ्रारेड थर्मामीटर आणला होता. चार मिनिटांत मोटर ११२ अंश. ८० च्या वर गेली की थांबायचं, असं या छंदातली माणसं सांगतात. जास्त तापली तर आतल्या चुंबकाची ताकदच जाते. वार्निश जळाल्याचा वास आला आणि स्पीड कंट्रोलरनं मान टाकली.

त्या रात्री अण्णांचं बोलणं आठवलं. सकाळी जाताना बॅटरी डब्याच्या पिशवीत टाकली आणि शॉपमधल्या काट्यावर ठेवली. २०४ ग्रॅम. लेबलवर छापलेलं ५२०० एमएएच, ३-एस, ६०-सी. या क्षमतेचा तीन सेलचा खरा पॅक साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास किंवा वरच जातो. लिपोत वजन लपवता येत नाही, जेवढा माल तेवढी ताकद. संध्याकाळी चार्जरवर लावली. पूर्ण उतरलेली बॅटरी भरताना चार्जरनं २१५० एमएएचवर "फुल" दाखवलं. वरचं निळं आवरण ब्लेडनं अलगद कापलं, तर आत दुसरं आवरण आणि त्यावर दुसरं लेबल: २२००. ६०-सी म्हणजे क्षमतेच्या साठ पट करंट, त्याबद्दल तर बोलायलाच नको. ५.२ गुणिले ६० म्हणजे ३१२ अँपिअर. ज्या तारा लावल्या होत्या त्या तेवढ्या करंटला अगरबत्तीसारख्या जळाल्या असत्या.

अण्णा काट्याजवळच उभे होते. काही बोलले नाहीत. चहा सांगितला त्यांनी.

मग मात्र मी धंद्याला लागलो. मोटरवर लिहिलेलं ३६६०, ३३०० केव्ही. ३६६० हा नुसता मॉडेल नंबर नव्हे, ते मापच असतं: ३६ मिलिमीटर व्यास, ६० मिलिमीटर लांबी. व्हर्नियर लावलं. व्यास ३६ बरोबर. लांबी ५०. म्हणजे ३६५० ची मोटर आणि वर ३६६० चं स्टिकर. हे वाचायला मला व्हर्नियरही लागायला नको होतं, साधी शाळेची पट्टी पुरली असती.

केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. एका व्होल्टला, ओझं नसताना, मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. तो उलटा मोजता येतो, कारण मोटर बाहेरून फिरवली की ती जनित्र होते. लेथला बारका कोलेट लावून मोटरचा शाफ्ट धरला, १५०० फेऱ्यांवर फिरवला आणि तीनपैकी दोन तारांवर मल्टिमीटर एसी व्होल्टला लावला. ३३०० केव्हीची असती तर ०.३२ व्होल्टच्या आसपास यायला हवं होतं. आलं ०.४६. हिशेब असा: ०.४६ ला १.४१४ नं गुणायचं, १५०० ला त्यानं भागायचं. उत्तर साधारण २३००. घरी लेथ नसेल तर फेरे माहीत असलेलं हातातलं ड्रिलही चालतं.

आता ज्याचा सगळ्यात जास्त राग येतो तो हिशेब. पैसे द्यायच्या आधी, घरात बसून, कुठलंही यंत्र न लावता तो करता आला असता. त्याचेच आकडे घ्या. ३३०० केव्ही, तीन सेलचे ११.१ व्होल्ट, म्हणजे मोटरचे ३६,६३० फेरे. स्पर गिअर, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर, ५४ दातांचा, पिनियन १८ चा, भागिले ३. गाडीच्या आतलं गुणोत्तर २.६; एकूण ७.८. चाकाचे फेरे झाले साधारण ४,७००. टायरचा व्यास ११० मिलिमीटर, म्हणजे घेर ३४.६ सेंटिमीटर. गुणाकार केला की ताशी ९७ किमी. बॅटरी काठोकाठ भरलेली, १२.६ व्होल्ट धरली तरी ११० च्या आसपास. आणि हे सगळं हवेत चाकं फिरवून. रस्त्यावर वारा, टायर आणि बॅटरीची पडझड त्यातलं बरंच खातात. १२० त्याच्या खोट्या आकड्यांतनंसुद्धा निघत नव्हते! २३०० केव्ही घातलं तर कागदावर ६८ येतात.

रस्त्यावर किती, तेही काढलं. डेमोचा व्हिडिओ भाच्याच्या मोबाइलवर होताच. दोघं टेप घेऊन त्या लेआउटला परत गेलो, व्हिडिओत दिसणाऱ्या दोन खांबांमधलं अंतर मोजलं: ३० मीटर. व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रांचा. भाच्यानं एकेक चित्र पुढं सरकवत मोजलं, पहिल्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत ६२. म्हणजे दोन सेकंदांहून किंचित जास्त. ताशी ५२ किमी. दहावीतलं पोरगं, वहीत हिशेब मांडून माझ्याकडं बघत बसलं.

डिफरन्शियलचं, म्हणजे वळताना दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, थोडक्यात: "पुढं मागं १०,००० चं सिलिकॉन ऑइल, रेससाठी सेट केलंय" म्हणून २,५०० वेगळे लावले होते. उघडलं तर बेअरिंगला लावतात ते पिवळं ग्रीस. "स्टीलचे गिअर" लोहचुंबकाला चिकटेनात.

एव्हाना त्यानं दिलेल्या दुसऱ्या बॅटरीचं पोट फुगलं होतं. फुगलेली लिपो टोचायची नाही, परत चार्ज करायची नाही, घरात ठेवायची नाही. मी ती गच्चीवर वाळूच्या कुंडीत ठेवून बारा व्होल्टच्या बल्बवर हळूहळू उतरवली आणि ई-कचऱ्यात दिली. मुलांच्या खोलीत चार्जिंग लावून झोपणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात धरा.

सगळे फोटो त्याला पाठवले. दोन निळ्या खुणा आल्या. मग फोन. आवाज तोच, गोड. "काय ओ, एवढं मनावर घेऊ नकासा. मी आता शिनोळीच्या पलीकडं राहतोय, महाराष्ट्रात. तुमच्या कर्नाटकाच्या पोलिसांनी इकडं यायचं म्हणजे…" आणि हसला. फेरीत घोषणा देणाऱ्या माणसाला ती हद्द नेमकी तिथं उपयोगी पडली.

हे त्याचं म्हणणंही फुसकंच होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. विकणारा हद्दीच्या अलीकडं की पलीकडं, याचा संबंध नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि चॅट जोडता येतं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन मी सहा आठवड्यांनी केला. तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो. रोख दिलेल्या १४,५०० चा माझ्याकडं काडीचा पुरावा नाही, म्हणून तक्रार २०,००० चीच केली. अर्ज इंग्रजीत लिहिला, कानडीतली पत्रं अण्णा वाचून सांगतात. तारीख पडली आहे.

गाडी टाकली नाही. खरी ३६६० मोटर बिलासकट मागवली, बॅटरी काट्यावर तोलून घेतली, पिनियन परत १८ चा. नव्या मीटरवर, दर वेळी पुसून, ७९ पर्यंत आकडा आलाय. आम्हाला तेवढा पुष्कळ आहे.

मागच्या आठवड्यात भाच्यानं एक नवी जाहिरात पाठवली. नाव वेगळं, नंबर वेगळा, "१३० किमी गॅरंटी". खाली व्हिडिओ. येळ्ळूर रोडचा तो रस्ता, तेच दोन खांब. डेमोच्या संध्याकाळी आम्हीच खुशीत त्याला पाठवलेला. आवाज बंद करायलाही तो विसरलाय, सातव्या सेकंदाला स्पष्ट ऐकू येतं, "मामा, बघ बघ! कसली पळालीय!"